सदूच्या मागचा आवाज

१ जानेवारी १९८६, बुधवार

बँकेने यंदा डायरी दिली. बत्तीस वर्षं बंदर कचेरीत मी दुसऱ्यांच्या बोटी कधी आल्या, कधी गेल्या ते लिहिलं. स्वतःची म्हणून एक ओळ लिहिली नाही. आता निवृत्त आहे, आणि एक काम हाती घेतलं आहे. पुढेमागे कोणी विचारलं तर तारीखवार दाखवता आलं पाहिजे.

आमचा सदू १७ फेब्रुवारी १९८४ ला बिस्केच्या उपसागरात बोटीवरून वाहून गेला. वय चोवीस. कंपनीच्या पत्रात दोन ओळी होत्या: वादळात वरच्या डेकवर काम करत असताना कठडा तुटला, शोध घेतला, सापडला नाही. आधी तार आली, आणि तारेनंतर अकरा दिवसांनी सदूची कॅसेट आली. गेलेल्या मुलाचा आवाज टपालवाल्याने सही घेऊन हातात दिला.

आमच्या मांडवीत खलाशांच्या घरून पत्रं लिहिणं कधीच बंद झालं आहे. पोरगा बोटीवरून कॅसेटमध्ये बोलतो, घरचे ऐकतात, मग त्याच कॅसेटवर आपलं बोलून ती पुढच्या बंदरावर धाडतात. दर वेळी नवी कोण घेणार? आमचीही एकच कॅसेट दोन वर्षं ये-जा करत होती. आता ती कायमची आली.

त्या कॅसेटमध्ये सदूच्या मागे कोणीतरी बोलतंय. फार बारीक. पण बोलतंय. त्याच्या खोलीत त्या वेळी कोण होतं आणि त्याला काय सांगत होतं, हे मला ऐकायचं आहे. घरच्या टेपवर ते नीट लागत नाही. तेव्हा चांगलं यंत्र घ्यायचं ठरवलं आहे.

५ जानेवारी, रविवार

आज पुन्हा ऐकली. सदू म्हणतो, "आई, मी बरा आहे. आप्पा, तुमची कॅसेट मिळाली. तुम्ही म्हणता तसंच करतो. नऊ महिने पुरे करतो." मध्ये, 'बरा आहे' म्हटल्यावर, जरा थांबतो. तो थांबला की मागचा आवाज वर येतो. जरबेचा, पुरुषाचा. आज दोन शब्द मी खात्रीने धरले: "पुरं कर." म्हणजे हुकूम आहे. त्याच्या मागोमाग चार टोले.

बोटीवर दर अर्ध्या तासाला घंटा देतात, हे मी सांगायला नको. चार टोले म्हणजे दोन, सहा किंवा दहा वाजले. मात्र खलाशी टोले जोडीजोडीने देतात, हे सुटे पडलेत. कोणी नवखा असेल.

खोलीत सदूबरोबर राहायचा तो पेठकिल्ल्याचा लवू, बोटीवरचा मुकादम. काम तोच वाटून द्यायचा. सदूला कठड्याकडे कोणी पाठवलं हे आजवर कोणीच सांगितलेलं नाही. मी आरोप करत नाही. मी फक्त ऐकणार आहे.

आणखी एक. टेपवरचं टोनचं, म्हणजे आवाज बारीक-जाड करायचं, बटण मी उजवीकडे ठेवतो, म्हणजे बारीकसारीक लागतं. ते रोज डावीकडे गेलेलं असतं. ही रोज दुपारी तीनला कॅसेट लावून बसते, मी त्या वेळी जेटीवर जातो. विचारलं तर म्हणाली, "फडका मारताना फिरत असंल." सावित्रीचा फडका नेहमी एकाच दिशेने फिरतो असं दिसतंय.

९ जानेवारी, गुरुवार

राम आळीतल्या एका दुकानात गेलो. आठ हजार रुपये सांगितले. विक्रेता टाय लावून. त्याने लगेच वाटणी करून दिली: स्पीकर चार हजार, ॲम्प्लिफायर अडीच हजार, कॅसेट डेक दीड हजार. "स्पीकरमध्ये पैसा घाला, काका. ऐकायला शेवटी तेच येतं." मग त्याने असलं काही लावलं की समोरच्या दुकानातल्या बरण्या वाजायला लागल्या.

मला धडधड नको आहे. मला एक माणूस ऐकायचा आहे, तोही लपलेला. हे त्या टायवाल्याला कसं सांगणार? कागद खिशात घालून आलो.

आठ हजार काढायचे ते कंपनीने सदूबद्दल दिलेल्या पैशातून. दोन वर्षं आम्ही त्यांना हात लावलेला नाही. पोस्टात पडून आहेत. ही म्हणते ते पैसे म्हणजे घरात पाहुणा बसल्यासारखे आहेत, ना उठवता येत ना जेवायला वाढता येत.

११ जानेवारी, शनिवार

आज कॅसेट घेऊन भागोजीकडे गेलो. झाडगावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल आणि त्यावर पोट उघडे पडलेले पंधरा रेडिओ. पण मच्छीमार सोसायटीचे सगळे वायरलेस तोच बघतो.

टायवाल्याची वाटणी वाचून तो हसला. "आप्पा, टेपवरना जा उचललाच नाय, ता स्पीकर कुठना देनार? उलटा करा. जास्ती पैसा सुरुवातीला." त्याच कागदाच्या मागे त्याने नवे आकडे घातले. डेक साडेचार हजार, मुंबईहून, जपानी. ॲम्प्लिफायर दोन हजारांत तो स्वतः बांधणार. स्पीकर बाराशे. आणि स्टॅबिलायझर तीनशे, कारण आमच्या वाडीतली वीज कधी एकशेसाठ तर कधी दोनशेसाठ. टायवाला स्टॅबिलायझरच विसरला होता.

मग त्याने कॅसेट आपल्या यंत्रात घातली, सदूचं बोलणं ऐकलं आणि हात जोडले. मागचा आवाज त्यालाही लागला. म्हणजे मी वेडा नाही. म्हणाला, "ह्या कॅसेटीवर आदी काय भरलेला होता काय?"

मी म्हटलं, "काही नाही. आमच्या घरचीच कॅसेट."

तो काही वेळ माझ्याकडे बघत राहिला. ही कारागीर माणसं तंद्रीत असतात.

मी त्याला स्पीकर आणखी कमी करायला सांगितलं, त्या पैशात कानाला लावायचे हेडफोन बसव म्हटलं. शेवटी असं ठरलं: डेक चार हजार आठशे, ॲम्प्लिफायर अठराशे, हेडफोन सहाशे, स्टॅबिलायझर तीनशे, आणि उरलेल्या पाचशेत भागोजी फणसाच्या फळ्यांचे दोन खोके ठोकून त्यात साधे स्पीकर घालून देईल. आठ हजार बरोबर.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

लवू तिळगूळ घेऊन आला. गेल्या वर्षीही आला होता. सदूची ट्रंकही यानेच दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एसटीच्या टपावर टाकून आणली होती, तेव्हा मी त्याला चहा दिला होता. आज मी दारातून वळलो आणि आत जाऊन बसलो. तिळगूळ घ्यायचा आणि त्याच माणसाविरुद्ध कंपनीकडे चौकशीचा अर्ज करायचा, हे माझ्याच्याने होणार नाही.

ही विहिरीपाशी त्याच्याशी बराच वेळ बोलत होती. ऐकू आलं ते एवढंच. तो म्हणाला, "काकी, फेब्रुवारीच्या वीस तारकेला मुंबय, मग बोट. आप्पांचा काय मनात हाय ता मला कळताय." ही म्हणाली, "तू काय बोलू नको, बाबा. तुजे पाया पडते."

माझी बायको लवूच्या पाया का पडते? त्याला घाबरते की काय? मला भयंकर राग आला. विचारलं तर चुलीतलं लाकूड पुढे सरकवत राहिली.

तो फेब्रुवारीच्या वीस तारखेला निघणार. त्याच्या आत अर्ज मुंबईच्या कचेरीत पोचला पाहिजे. एकदा बोटीवर चढला की दहा महिने हाती लागायचा नाही.

२० जानेवारी, सोमवार

पोस्टातून आठ हजार काढले. हिने सही केली, पण वाटणीचा कागद मागून घेतला आणि चष्मा लावून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचला.

"ह्यातला सदूसाठी काय?"

म्हटलं, "सगळं त्याच्यासाठीच नाही का?"

"नाय. तुमी सगळे पैसे त्या मागच्या मानसावर घालताव. पुढं सदू बोलताय, त्याच्यावर कायच नाय."

मी म्हटलं, स्पीकर आहेत ना तुझ्यासाठी, त्यावर सदू छान ऐकू येईल. ती म्हणाली, "माजा जुना टेप हाय तो बरा हाय." आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, "नका घेव ना. माजा ऐका. आयुष्यात एकदा तरी माजा ऐका."

एकदा तरी! जणू मी कधी हिचं ऐकलंच नाही.

२६ जानेवारी, रविवार

जेटीवर झेंडावंदन. परत आल्यावर भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला गेलो तर ही आडवी आली. सदूची कॅसेट आल्यापासून तिने ते बंद ठेवलं आहे. टोले सहन होत नाहीत म्हणते. माझ्या वडिलांचं घड्याळ, बिचारं पावणेपाचवर उभं आहे. असो. दुःखाच्या प्रत्येकाच्या तऱ्हा वेगळ्या.

मला अलीकडे तो मागचा आवाज कॅसेट न लावताही लागतो. दाढी करताना लागला. भाट्याच्या पुलावर लागला. शब्द नाहीत, नुसती जरब. असा माणूस समोर असेल तर सदूने काय करावं? तो स्वभावाने मऊ होता. आधीच्या खेपेला कॅसेटमध्ये बोट जुनी आहे, गंजलेली आहे, पुढच्या बंदराला उतरून घरी येतो, अशी थोडी कुरकुर केली होती त्याने. मी त्याला धीर देणारं बोललो होतो. त्या बोटीवर त्याला मीच लावलं होतं, माझ्या शब्दावर घेतलं होतं. माझा धीर पोचला आणि वर हा कोणीतरी त्याच्या उरावर बसला.

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्जाचा मसुदा पुरा केला. तीन पानं. लवूचं नाव दुसऱ्या पानावर आहे. वाक्य असं केलं: "सदर इसमाच्या दडपणामुळेच माझा मुलगा धोक्याच्या जागी गेला, असे सोबतच्या ध्वनिफितीवरून स्पष्ट होते." ध्वनिफितीवरून काय स्पष्ट होतं ती जागा मोकळी ठेवली आहे. डेक आल्यावर भरीन.

एक खटकतं. तो मागचा माणूस शुद्ध बोलतो. "पुरं कर." लवू बोलताना "पुरा कर" म्हणेल. पण हुकूम सोडताना माणूस साहेबी थाट आणतोच. मीही कचेरीत आणायचो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डेक काल रात्रीच्या गाडीने आला. भागोजीने सकाळपासून बसून सगळं जोडलं. फणसाच्या खोक्यांना अजून ओल्या लाकडाचा वास येतो आहे. छान काम केलंय.

मग त्याने डेकचं झाकण काढलं. म्हणाला की सदूच्या बोटीवरच्या टेपमध्ये खोडायचा भाग जरा वर बसलेला होता, म्हणून फितीच्या कडेला न खोडलेली पट्टी राहिली आहे, वाचायचा भाग तिथे नेला की मागचं पुढे येईल. मला त्यातलं अर्धंच कळलं. बारीक स्क्रूड्रायव्हरने तो केसाएवढं फिरवत होता आणि कानाला हेडफोन लावून ऐकत होता.

एकाएकी थांबला. हेडफोन काढून मांडीवर ठेवले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आप्पा, आज नको. स्टॅबिलायझर तापलाय."

मी हात लावून पाहिला. थंड होता. तसं म्हटलं तर तो उठलाच. "मी तुमचे सगळे पैसे परत देतो. डेकाला गिऱ्हाईक हाय माज्याकडं. आप्पा, ऐकू नका." चहाही न घेता गेला. दारात त्याची आणि हिची नजरानजर झाली आणि हिने तोंडाला पदर लावला.

सगळे लवूला वाचवायला बघताहेत. एका गावचे ना! उद्या मी एकटा ऐकणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी ही शेजारी गेल्यावर हेडफोन लावले.

आधी सदू. इतका जवळ की त्याने ओठ ओले केले तेही कळलं. "आई, मी बरा आहे." मग तो बाजूला सरला आणि मागचा आला.

आधी खोकला. दोनदा, घसा साफ करून. तो खोकला मी रोज सकाळी खोकतो.

"हे बघ सदू. अर्धवट सोडून यायचं नाही. माझ्या शब्दावर त्यांनी तुला घेतलंय. कठडे गंजलेत म्हणून कोणी घरी पळून येतं का? लोक हसतील मला. नऊ महिने पुरं कर काम, आणि मगच या घराची पायरी चढ."

मग चार टोले. आमच्या घड्याळाचे.

मग हिचा आवाज, लांबून: "अहो, असा नका बोलू त्याला."

मग मी: "तू मध्ये बोलू नकोस."

तिथे सदू पुन्हा वर येतो. "तुम्ही म्हणता तसंच करतो."

८ फेब्रुवारी, शनिवार

जेवलो नाही.

मी धीर दिला होता, असं दोन वर्षं मला खरोखर वाटत होतं. खोटं बोलत नव्हतो. मला आठवतंच तसं. मी खुर्चीत बसलो होतो, ही तांदूळ निवडत होती, आणि मी मुलाला धीर दिला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज हिला विचारलं. "तुला ठाऊक होतं?"

"पैल्या दिवसापासना. मी नवऱ्याचा आवाज वळखनार नाय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

ती भांडी घासत होती. हात थांबले नाहीत. "एक गेलेला. तुमी ह्या ऐकलाव नि तुमचा काय झाला तर? मी कोनासाठी जगू? वाटला, ऱ्हावंदे, लवूवर राग हाय तर ऱ्हावंदे. त्याला मी सगळा सांगितला, पाया पडून सांगितला. तो म्हनला, काकी, मला दोन शिव्या पडल्या तर काय व्हत नाय."

"आणि ते टेपवरचं बटण?"

"डावीकडं फिरवला का नुसता सदू येतो. तुमी येत नाय." मग तिला रडू फुटलं. "मला रोज एकदा नुसता सदू हवा व्हता, ओ."

मी तिच्या शेजारी ओल्या जमिनीवर बसलो. तिने मला जा म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही. अर्ज चुलीत घातला. तीन पानं होती, झटकन जळली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पेठकिल्ल्याला लवूकडे गेलो. तो अंगणात जाळं सांधत होता. मला बघून उभा राहिला, खुर्ची आणली. मी बसलो नाही. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. नुसता त्याचा हात धरला.

म्हटलं, मला खरं सांग, माझी कॅसेट ऐकून तो काय म्हणाला?

"जाऊंदे, आप्पा."

"सांग."

तो जाळ्यापाशी खाली बसला. मग म्हणाला, "त्यानं बॅग भरलेली व्हती. रॉटरडॅमला उतरनार व्हता. तुमची कॅसेट ऐकलान, नि बॅग सोडून कपडे परत खनात लावलान. मी म्हनला, अरे जा, आप्पा चार दिवस बोलतील नि गप व्हतील. तर हसला. म्हनला, आप्पांचा शब्द गेला तर आप्पा मरतील. नि मग तुमाला कॅसेट भरायला बसला."

त्याच्या आईने तिळाचा लाडू आणून दिला, संक्रांतीचा उरलेला. तिथेच खाल्ला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भागोजी येऊन डेक, ॲम्प्लिफायर, हेडफोन घेऊन गेला. पैसे थोडे कमी येतील म्हणाला. येऊ देत. फणसाचे खोके मात्र हिने ठेवून घेतले, त्यात तांदूळ ठेवीन म्हणते. वाटणीचा कागद अजून माझ्या खिशात आहे. आठ हजारांतले साडेसात हजार मी स्वतःचाच आवाज ऐकण्यासाठी लावले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज दोन वर्षं झाली. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली. ही बघत होती, आडवी आली नाही.

तीन वाजता मी जेटीवर गेलो नाही. ती कॅसेट घेऊन आली तेव्हा टेपसमोर बसलो होतो. मला तिथे बघून ती दारातच थांबली. मी हात पुढे केला आणि बटण डावीकडे, पार शेवटपर्यंत फिरवलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग शेजारी येऊन बसली आणि कॅसेट लावली.

"आई, मी बरा आहे," सदू म्हणाला. हिने डोळे मिटले. शेवटपर्यंत तो एकटाच बोलला. संपल्यावर ती म्हणाली, "बघा, किती सोच्छ येतो." मी हो म्हटलं.

बटण डावीकडे असलं तरी मला आता सगळं ऐकू येतं, खोकल्यापासून चार टोल्यांपर्यंत. हे तिला सांगितलेलं नाही.